चित्रकाराकडून वॉलपेपर करून घेताना: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कॅटलॉग चाळून वॉलपेपर निवडणं वेगळं आणि एखाद्या चित्रकाराकडून आपल्याच भिंतीसाठी तो करून घेणं वेगळं. कॅटलॉगचा रोल खराब झाला तर रोलचे पैसे जातात. चित्रकाराकडून करून घेतलेला कागद सुटू लागला तर कुणाची तरी अनेक आठवड्यांची मेहनत कोपऱ्यातून लोंबताना रोज बघावी लागते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही खाडीकाठची, चार महिने झोडपणाऱ्या पावसातली शहरं आहेत. त्यामुळे कागद सुटण्याचं कारण इथे बहुतेक वेळा भिंतीतच सापडतं. म्हणून या लेखाची सुरुवात भिंतीपासून करते. चित्राकडे आपण त्यानंतर येऊ.

भिंत कोणती घ्यायची

आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. इमारतीच्या त्या अंगाच्या बाहेरच्या भिंती जून ते सप्टेंबर सतत मार खातात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांना आडोसाच नसतो, आणि सीवूड्स-नेरुळच्या बाजूला खाडीवरचा वारा पाऊस घेऊन थेट भिंतीवर येतो. अशा भिंतीच्या आतल्या बाजूला चित्रकाराचा वॉलपेपर लावू नका. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय, असं कुणी कितीही सांगितलं तरी मी ती भिंत सोडून देते. तिला चांगला रंग द्या आणि वॉलपेपरसाठी दोन खोल्यांच्या मधली, दोन्ही बाजूंनी घरातच असलेली भिंत निवडा.

तिथेही पलीकडे काय आहे ते बघाच. बाथरूम असेल तर टाइलच्या सांध्यांतून मुरलेलं पाणी कधीतरी अलीकडे येतं. सिंकमागच्या भिंतीचंही तेच. वाशी किंवा नौपाड्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत राहत असाल तर वरच्या मजल्यावर त्या जागी काय आहे तेही विचारून घ्या, कारण जुने पाइप भिंतीतून गेलेले असतात आणि ओल वरून खाली उतरते.

आता चाचणी. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करून भिंतीवर लावा. एक स्कर्टिंगजवळ, एक छातीच्या उंचीवर, एक वर छताजवळ. पूर्ण दिवस-रात्र राहू द्या. काढताना प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला ओलसरपणा असेल तर तो खोलीच्या दमट हवेचा, त्याची एवढी काळजी नाही. ही चाचणी पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता करा. मार्चमध्ये कोरडी निघालेली भिंत जुलैत ओली निघू शकते.

हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर भिंतीला लोणा लागलाय. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर सोडून जातं. त्यावर प्रायमर मारून उपयोग नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायला हवं.

नवीन इमारतीत ताबा मिळाल्या मिळाल्या वॉलपेपर लावण्याचा मोह होतो. प्लास्टरमधलं पाणी सुकायला वेळ लागतो, शिवाय इमारत पहिल्या पावसात कशी वागते हे कुणालाच माहीत नसतं. एक पावसाळा जाऊ द्या. तेवढ्यात चित्रकाराशी बोलणी सुरू करता येतात, आणि त्या कामालाही वेळ हवाच असतो. प्रत्यक्ष लावण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले. दिवाळीच्या रंगकामाच्या गर्दीत चांगला कारागीर मिळत नाही आणि मिळाला तरी घाईत असतो.

भिंतीसाठी काढलेलं चित्र

चांगलं चित्र मोठं केलं की चांगला वॉलपेपर होतो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. कागदावर दोन मिलिमीटरची रेघ आठपट मोठी केली की सोळा मिलिमीटरची होते आणि हाताची प्रत्येक थरथर, ब्रशचा प्रत्येक केस दिसायला लागतो. कधी ते सुंदर दिसतं, पण ते चित्रकाराने ठरवून केलेलं हवं.

वॉलपेपरच्या इतिहासात ज्यांचं काम टिकलं त्यांनी भिंतीचा विचार करूनच चित्र काढलं. फ्रान्समधल्या झ्युबर या कारखान्याने १८०७ मध्ये पिएर-अँतुआन माँजँ या चित्रकाराकडून हिंदुस्थानातल्या दृश्यांचा एक सलग वॉलपेपर करून घेतला होता. अशा दृश्यपटांत वर भरपूर मोकळं आकाश ठेवलेलं असे, म्हणजे छत खाली असलेल्या घरात वरचा भाग कापला तरी चित्राला धक्का लागत नसे. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसचे पहिले वॉलपेपर १८६४ मध्ये बाजारात आले. त्यांत फुलापानांची पुनरावृत्ती अशी गुंफलेली असते की एक तुकडा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते चटकन कळत नाही. अँडी वॉरहॉलने १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅलरीत गायीच्या डोक्याचा वॉलपेपर लावला, तेव्हा चित्र टांगायची भिंतच त्याने चित्र करून टाकली. या तिघांच्या कामातून आपल्या चित्रकाराला विचारायचे प्रश्न मिळतात: वर-खाली कापायला जागा ठेवली आहे का? पुनरावृत्ती असेल तर सांधा कुठे लपणार? आणि ही भिंत मागे राहणार आहे की खोलीत तीच बोलणार आहे?

आपल्याकडे तर भिंतीवरच्या चित्रांची परंपरा घराजवळच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. वारली चित्रकला तर ठाण्याची शेजारीण. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू, जव्हार, विक्रमगड हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आणली आणि जगभर पोचवली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वॉलपेपरसाठी वारली चित्र हवं असेल तर वारली चित्रकाराकडेच जा. या कलेला भौगोलिक मानांकन आहे, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या नकलेत पैसा कलाकारापर्यंत पोचतच नाही. विषयही त्यांना विचारूनच ठरवा. लग्नातला देवचौक आणि त्यातली पालघाट देवी ही सुवासिनींनी विधीने लिहायची गोष्ट आहे. ती चपलांच्या कपाटामागे नको. तारपा नाच, भातलावणी, झाडं, पाखरं यांतून भिंतभर चित्र होतं आणि त्यात कुणाचा मानही दुखावत नाही.

पहिल्याच भेटीला चित्रकाराला घरी बोलवा. भिंतीचा फोटो पाठवून काम भागत नाही. सोफ्याची पाठ कुठवर येते, टीव्ही कुठे आहे, दारातून आत येताना नजर आधी कुठे जाते हे तिथे उभं राहूनच कळतं. सोफ्याची पाठ साधारण तीन फुटांपर्यंत जाते, म्हणजे त्याखाली काढलेली बारीक नक्षी कुणालाच दिसणार नाही. हॉलमधली भिंत बारा फुटांवरून बघितली जाते, पॅसेजमधली तीन फुटांवरून. एकच चित्र दोन्हीकडे चालत नाही.

लिहून घ्यायच्या गोष्टी

मैत्रीत, ओळखीत काम होत असलं तरी एक पानभर लिहून घ्या. चित्राचं मानधन, छपाईचा खर्च आणि लावण्याची मजुरी वेगवेगळी मांडा. सगळं मिळून एक आकडा सांगितला जातो तेव्हा कपात नेहमी चित्रकाराच्या वाट्याला येते.

हक्काबद्दल स्पष्ट बोला. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा ठरू शकतो. बहुतेक चित्रकारांना हे माहीत नसतं. मला न्याय्य वाटतं ते असं: हक्क चित्रकाराकडे राहावा आणि आपल्याला या घरात, या भिंतीवर ते वापरायची लेखी परवानगी मिळावी. परवानगीत मुदत लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. चित्रकाराला तेच डिझाइन पुढे रोलवर छापून विकायचं असेल तर त्याने डिझाइन कायदा २००० खाली नोंदणीचा विचार आधीच करावा, कारण नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त प्रती निघाल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो.

‘कुठलाही फोटो आणा, छापून देतो’ म्हणणारी दुकानं खूप आहेत. दुसऱ्याचं चित्र त्याला न विचारता भिंतीवर लावू नका.

चित्रापासून फाइलपर्यंत

इथे एक साधं गणित चित्रकार आणि छपाईवाला या दोघांसमोर बसून करा. दहा फूट रुंद भिंत म्हणजे १२० इंच. भिंतीच्या आकाराला इंचाला १०० ठिपके मिळाले तर लांबून बघायच्या भिंतीला पुरे, पॅसेजसारख्या जवळून बघायच्या जागी १५० हवेत. म्हणजे रुंदीला १२,००० ते १८,००० पिक्सेल. ए-३ कागदाची लांब बाजू साडेसोळा इंच असते. ती ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन केली तर ९,९०० पिक्सेल मिळतात, म्हणजे शंभर ठिपक्यांच्या हिशोबाने सव्वाआठ फूट. दहा फुटांच्या भिंतीला ते कमी पडतं. एक तर स्कॅन जास्त घनतेने घ्या किंवा मूळ चित्रच मोठं काढा. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून भिंत छापू नका, कडांना चित्र वाकतं आणि रंग एकसारखा राहत नाही.

माप घेताना रुंदी तीन उंचींवर आणि उंची तीन जागी मोजा. आपल्या घरांत ही तिन्ही मापं क्वचितच सारखी येतात. सर्वात मोठं माप धरा आणि चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त छापून घ्या.

रंगाच्या बाबतीत स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन प्रकाशातून रंग दाखवते, छपाई शाईतून. गेरूचा रंग छापल्यावर कधी गुलाबीकडे झुकतो, कधी चॉकलेटीकडे. म्हणून ज्या कागदावर छापायचंय त्याच कागदावर, त्याच मशिनवर, खऱ्या आकारातला किमान दोन फूट बाय तीन फूट नमुना काढून घ्या. तो भिंतीवर मास्किंग टेपने लावा आणि तीन-चार दिवस राहू द्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी दिवे लावल्यावर बघा. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीखाली आणि ३००० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्याखाली तोच लाल दोन वेगळे लाल दिसतात. चित्रकाराला हा नमुना संध्याकाळी दाखवा, कारण घर बहुतेक वेळा संध्याकाळीच बघितलं जातं. या पायरीवर खर्च वाचवू नका.

शाईंमध्ये पाण्यावर आधारित लेटेक्स शाईला वास कमी असतो, बेडरूमसाठी ती मागा.

कागद कोणता

पूर्ण विनाइल, म्हणजे प्लास्टिकचा कागद, पुसता येतो, मजबूत असतो, पण त्यातून हवा-पाणी जात नाही. भिंतीत थोडी जरी ओल असली तरी ती मागे अडकते आणि काळी बुरशी धरते, जी बऱ्याचदा वास आल्यावरच लक्षात येते. नॉन-वोव्हन, म्हणजे धागे न विणता दाबून बनवलेल्या कागदातून भिंत श्वास घेते. तो ओला झाला तरी फारसा पसरत नाही, खळ थेट भिंतीला लावता येते आणि पुढे काढताना सलग निघतो. आपल्या हवेसाठी माझी पहिली पसंती नॉन-वोव्हनला. मुलांच्या खोलीत, जिथे हात आणि खडू लागणारच, तिथे आतल्या कोरड्या भिंतीवर विनाइल चालेल. गवताच्या धाग्यांचा कागद दिसायला देखणा, पण दमट हवेत डाग धरतो. इथे तो नको.

किती रोल

चित्रकाराचं डिझाइन सलग चित्र नसून पुनरावृत्तीचं असेल आणि रोलवर छापलं जाणार असेल, तर हा हिशोब स्वतः करा. समजा भिंत बारा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे ११४ चौरस फूट. नेहमीचा युरोपियन रोल ५३ सेंटिमीटर रुंद, १०.०५ मीटर लांब, सुमारे ५७ चौरस फुटांचा. दुकानदार भागाकार करून सांगेल, दोन रोल.

आता पट्ट्यांनी मोजा. रुंदी ३६६ सेंटिमीटर, त्याला ५३ च्या सात पट्ट्या लागतात. उंची २९० सेंटिमीटर, वर-खाली कापायला दहा धरून ३००. डिझाइन दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येत असेल तर प्रत्येक पट्टी पाच पूर्ण पुनरावृत्तींची, म्हणजे ३२० सेंटिमीटरची कापावी लागेल. १००५ मध्ये अशा तीनच पट्ट्या बसतात. दोन रोलमध्ये सहा पट्ट्या, आणि आपल्याला हव्यात सात. तीन रोल लागतील. सातव्या पट्टीसाठी नंतर धावपळ केली तर दुसऱ्या लॉटचा रोल मिळतो आणि रंगात फरक पडतो. सगळे रोल एकाच लॉट नंबरचे आहेत हे फाडण्याआधी बघून घ्या. कोरियन रोल १०६ सेंटिमीटर रुंद असतात, त्यांना हिशोब नव्याने करा.

भिंत तयार करणं

जुना डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण खरवडा. ओल्या हाताला रंग लागतो तोवर काम झालेलं नाही. ऑइल पेंट असेल तर पॉलिश पेपरने चकाकी मोडा. भेगा भरून पुट्टीचे दोन हात द्या, घासा, आणि घासल्यावर अंधारात टॉर्च भिंतीला समांतर धरून बघा. प्रत्येक खळगा त्या तिरप्या उजेडात उघडा पडतो आणि कागदाखाली तोच खळगा तसाच दिसणार असतो.

पुट्टीवर प्रायमर हवाच. कोरी पुट्टी खळीतलं पाणी ओढून घेते, कागद धड बसायच्या आत खळ सुकते आणि सांधे उघडतात. प्रायमर पूर्ण वाळू द्या. कागद पातळ आणि चित्राची जमीन फिकी असेल तर प्रायमर पांढराच घ्या, खालचा जुना रंग वर डोकावतो.

खळ विकतची, वॉलपेपरची आणि बुरशीरोधक घ्या. घरी शिजवलेल्या मैद्याच्या खळीला आपल्या हवेत बुरशी लागते आणि कसर येते. लाकूडकामाचा पांढरा गम वापरायचा आग्रह काही कारागीर धरतात. त्याने कागद घट्ट बसतो, पण काढताना पुट्टीसकट निघतो. नको म्हणा.

लावण्याचा दिवस

सगळ्या पट्ट्या जमिनीवर क्रमाने मांडून चित्र जुळतंय का ते खळ कालवण्याआधी बघा. मागे पेन्सिलीने क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण लिहा. मेन स्विचवरून त्या खोलीची वीज बंद करा आणि स्विचबोर्डांच्या प्लेट काढा.

पहिली उभी रेघ ओळंब्याने मारा. दाराच्या चौकटीवर किंवा कोपऱ्यावर भरवसा ठेवू नका. पहिली पट्टी अर्धा इंच तिरकी गेली तर शेवटच्या पट्टीपर्यंत तारपा वाजवणारा माणूस उतारावर उभा दिसतो. मोठ्या एकाच आकृतीचं चित्र असेल तर मधल्या पट्टीपासून सुरू करा आणि दोन्हीकडे जा. पुनरावृत्तीचं असेल तर खिडकीच्या बाजूने.

नॉन-वोव्हनला खळ भिंतीला लावा, पट्टीच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त. पट्टी वरून सोडा, मधून कडांकडे स्मूदरने हवा काढत या. जोर लावून ताणू नका. ताणलेला कागद वाळताना आखडतो आणि सांध्यात पांढरी फट दिसते. पुढची पट्टी कडेला कड भिडवून बसवा, सांध्यावर रोलर हलकेच फिरवा. वर आलेली खळ लगेच ओल्या स्पंजने टिपून घ्या, वाळली की डाग राहतो. कटरचं पातं प्रत्येक पट्टीला नवं तोडा. बोथट पातं ओला कागद फाडतं, आणि या कामात फाटलेली कड झाकता येत नाही.

आतल्या कोपऱ्यात अख्खी पट्टी वळवू नका. कोपऱ्यापुढे एक-दोन सेंटिमीटर जाईल एवढीच कापा, पुढच्या भिंतीवर पुन्हा ओळंबा धरा आणि उरलेला तुकडा त्यावर बसवा. स्विचबोर्डवर कागद आधी सरळ जाऊ द्या, मग मध्ये फुलीसारखा काप देऊन कडा आत घ्या. कागदात सोनेरी-चंदेरी धातूचा थर असेल तर कडा प्लेटखाली अजिबात घेऊ नका, त्यातून वीज वाहू शकते.

लावून झाल्यावर पंखा आणि एसी बंद. खोली सावकाश सुकू द्या, किमान एक दिवस. जोराच्या वाऱ्याने वरचा थर आधी वाळतो आणि कडा उचलल्या जातात. या काळात दिसणारे छोटे फुगे बहुतेक आपोआप बसतात, सुईने टोचायची घाई करू नका.

पुढची काळजी

पावसाळ्यात त्या भिंतीला लागून असलेलं कपाट किंवा सोफा दोन-तीन इंच पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. धूळ कोरड्या मऊ कापडाने वरून खाली पुसा. सांधा थोडा उचलला असेल तर बारीक ब्रशने खळ भरून रोलर फिरवा, पण तोच सांधा पुन्हा उचलला तर कागद चिकटवत बसू नका. प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा.

उरलेला तुकडा गुंडाळून कपाटात आडवा ठेवा, उभा ठेवला की कड दुमडते. त्याच्यासोबत लॉट नंबर, कागदाचं आणि शाईचं नाव, छपाईची फाइल कुठे आहे ते आणि चित्रकाराशी झालेल्या कराराची प्रत ठेवा. दोन वर्षांनी एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर छपाईवाला सर्वात आधी हेच मागतो. छापण्याआधी चित्रकाराला कळवा. नवी पट्टी जुन्या, किंचित उडालेल्या रंगाशेजारी बसणार असते, आणि ती कितपत फिकी करायची हे त्याच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.